माजिवडा ते वडपे: रस्ता नेमका अडतो कुठे?

तुमचा प्रश्न असा, की माजिवड्याहून भिवंडीकडे तुमचं रोजचं जाणं-येणं. साकेत, खारेगाव, मानकोली, रांजणोली, पार वडप्यापर्यंत नाशिक महामार्गाच्या रुंदीकरणाचे तेच पत्रे आणि तीच वळणं तुम्ही वर्षानुवर्षं बघताय, आणि कामावर माणूस औषधालाही दिसत नाही. तेवीस-चोवीस किलोमीटरला एवढा वेळ कशाला? ठेकेदार पैसे खातो म्हणून, की सरकारला पडलेलं नाही म्हणून?

मी या धंद्यात देखरेखीच्या बाजूला आहे. ठेकेदार काम करतो, प्राधिकरण पैसे देतं आणि मधे आमच्यासारखी सल्लागार मंडळी काम तपासून बिलावर सही करतात. बहुतेक नोकरी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या रस्त्या-पुलांवर गेली. त्यामुळे दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार वाचायला मिळतो आणि दोन्ही बाजूंची नाटकंही बघायला मिळतात. पैशांकडे नंतर येतो. उशिराचं सगळ्यांत मोठं कारण माझ्या मते हे आहे, की आपल्याकडे जागा मोकळी व्हायच्या आधीच भूमिपूजन होतं. पुढचं बरंचसं रामायण तिथूनच सुरू होतं.

कारण प्रत्यक्ष बांधकाम तसं भराभर उरकतं. काँक्रीट अंथरणारं यंत्र, म्हणजे पेव्हर, एकदा रुळला की एका पाळीत काही शे मीटर रस्ता मागे टाकतो. डांबराचं काम त्याहून झटपट. महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, तेव्हा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये त्यावरून गाड्या सुटल्या. आता त्याच मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा घ्या. चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि पनवेल-पेणच्या लोकांनी दहा वर्षांहून जास्त काळ त्यातले खड्डे मोजले. पुलाची जागा सरकारच्या हातात होती, काम एका ठिकाणी होतं, पैसा तयार होता आणि अख्ख्या राज्याचं लक्ष तिकडे होतं. ८४ किलोमीटरच्या वाटेत मात्र गावांमागून गावं, कर्नाळा अभयारण्य आणि पैशांच्या ओढाताणीत सापडलेला ठेकेदार.

अटल सेतूचंही तसंच. २१.८ किलोमीटर लांबीचा पूल, त्यातला सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रात. काम २०१८ मध्ये सुरू झालं आणि १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन. मधे कोविड येऊन गेला तरी सहा वर्षांच्या आत. तांत्रिकदृष्ट्या तुमच्या माजिवडा-वडप्यापेक्षा कितीतरी अवघड काम. पण समुद्राला सातबारा नसतो. मच्छीमारांची भरपाई होती, शिवडीचे फ्लेमिंगो होते, ते प्रश्न सोपे नव्हते; तरी एकेका गुंठ्यासाठी वीस-वीस वारसांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या नाहीत.

ठाणे जिल्ह्यात नेमकं तेच करावं लागतं. राष्ट्रीय महामार्गाच्या १९५६ च्या कायद्यात रीत आखून दिलेली आहे. आधी कलम ३ए ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा सांगणारी अधिसूचना निघते, मग २१ दिवस हरकती. वर्षाच्या आत कलम ३डी ची, म्हणजे संपादनाची घोषणा झाली नाही तर पहिली अधिसूचना रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून. ३डी झालं की जमीन कायद्याने केंद्राची होते. पुढे भरपाईचा निवाडा, पैसे जमा करणं, ६० दिवसांची नोटीस आणि ताबा. ऐकायला सुटसुटीत वाटतं. पण जमीन कायद्याने सरकारची होणं आणि तिथे जेसीबी उभा राहणं यांत फार अंतर आहे.

भिवंडी, कल्याण, शहापूर या तालुक्यांत एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असणं नवलाचं नाही. आजोबा जाऊन पन्नास वर्षं झाली तरी नाव त्यांचंच, वारसनोंद नाही, फेरफार अडकलेला. एक काका परदेशात, एक आत्या सासरी, तिने हक्कसोड दिलेला नाही. भरपाईची रक्कम कळेपर्यंत भावकी गप्प असते. निवाडा जाहीर झाला की दिवाणी दावे सुरू होतात. मोजणीला भूमी अभिलेखचा माणूस येतो तेव्हा नकाशातला बांध आणि जागेवरचा बांध जुळत नाहीत. कुळाची जमीन असली तर तो वाद आणखी वेगळा, आदिवासी खातेदाराची असली तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानग्या आणखी वेगळ्या.

त्यात भिवंडीची खास भर म्हणजे गोदामं. महामार्गाला लागून ओळीने शेड. जमीन एकाची, शेड दुसऱ्याने बांधलेली, भाड्याने तिसऱ्याकडे आणि माल चौथ्याचा. बांधकामाला परवानगी होती का, नसेल तर त्याची भरपाई द्यायची का, दिली तर कोणाला? प्रांताच्या कार्यालयात एकेका शेडची फाइल पोराच्या दप्तराएवढी होते. आणि अधिसूचना निघाल्यावर रातोरात उगवणाऱ्या बागा नि पत्र्याच्या खोल्या तर विचारूच नका. झाडांचं मूल्यांकन वेगळं खातं करतं, बांधकामाचं वेगळं. ते अहवाल येईपर्यंत पावसाळा येतो.

हे वाचून शेतकऱ्यांमुळेच सगळं अडतं असं मनात येत असेल तर थांबा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे भरपाईचे निकष १ जानेवारी २०१५ पासून महामार्गांनाही लागू झाले, आणि तोवर कवडीमोलाने जमिनी गेलेल्यांच्या कथा या जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात आहेत. उरण-पनवेल पट्ट्यात १९८४ साली जासई आणि नवघरच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचा जीव गेला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली तो लढा झाला नसता तर जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजनाही आली नसती. माणूस आज ताबा पावतीवर सही करताना दहादा विचार करतो, त्याला हा इतिहास आहे. मी त्याला दोष देत नाही. दोष द्यायचाच तर जागा हातात नसताना निविदा काढणाऱ्याला.

आता तुम्ही विचारलेल्या 'माणूस दिसत नाही' या भागाकडे येतो, कारण बाहेरून सगळ्यांत चुकीचं समजलं जातं ते हेच.

करारात साधारण अट असते, की ८० ते ९० टक्के जागा मोकळी झाल्याशिवाय कामाची अधिकृत सुरुवातीची तारीख, आमच्या भाषेत अपॉइंटेड डेट, द्यायची नाही. अट चांगली आहे. पण राहिलेली १० टक्के जागा एका टोकाला नसते. २४ किलोमीटरचे १० टक्के म्हणजे दोन-अडीच किलोमीटर, आणि ते पन्नास मीटर इथे, दीडशे मीटर तिथे, असे विखुरलेले असतात. कुठे देऊळ, कुठे गोदाम, कुठे कोर्टाचा स्टे असलेला जमिनीचा गट, कुठे विजेचा मनोरा. पेव्हर हे अवजड यंत्र. ते सलग पट्टा मागतं. मधे दीडशे मीटरची खाच आली की ते सोडवा, ट्रेलरवर चढवा, पलीकडे पुन्हा जुळवा, पातळीच्या तारा पुन्हा ओढा. त्यामुळे दोन-चार किलोमीटर सलग तयार होईपर्यंत शहाणा ठेकेदार पेव्हर आणतच नाही. तुम्हाला रिकामा भराव दिसतो, वर कोणी नाही. आम्हाला दिसतं की अमुक चेनेजला, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अमुक अंतरावर, ताबा नाही, म्हणून अलीकडचा-पलीकडचा सगळा पट्टा बसून आहे. कागदावर ९० टक्के जागा दिलेली असते आणि कामाजोगी सलग जागा निम्मीही नसते.

शेतकऱ्याने जागा सोडली तरी जमिनीखालचे मालक शिल्लक राहतातच. मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या भिवंडी-ठाण्यातूनच जातात. एमआयडीसीची लाइन आहे, स्टेम या पाणीपुरवठा संस्थेची आहे, महापालिकेची लाइन आहे, गॅस आहे, इंधनाच्या वाहिन्या आहेत, महावितरणच्या केबल, महापारेषणचे मनोरे आणि टेलिकॉमच्या तर किती तारा, देव जाणे. प्रकल्प अहवाल बनवणाऱ्याने जमिनीखालचं सर्वेक्षण नीट केलेलं असतं, असं मानायचं धाडस मी करत नाही. खड्डा घेतल्यावर नकाशात नसलेली पाइपलाइन निघते. मग संयुक्त पाहणी, त्या खात्याचं अंदाजपत्रक, त्यावर देखरेख शुल्क, पैसे भरणं, त्यांची निविदा, त्यांचा ठेकेदार. आणि सगळं तयार झालं तरी शटडाऊन मिळायला हवा. पाणी चोवीस तास बंद ठेवायचं तर उन्हाळ्यात पालिका तयार नसते, सणाला नगरसेवक तयार नसतात. उच्चदाब वाहिनी बंद ठेवायची तर मार्च ते मे विजेची मागणी चढलेली. म्हणजे पावसाळा सोडून उरलेल्या कोरड्या महिन्यांतले नेमके कामाचे महिने हातातून जातात. नव्या पदराच्या मधोमध एखादा खांब वर्षभर उभा दिसला, तर समजा की दोन सरकारी खाती एकमेकांना पत्रं लिहीत आहेत.

रेल्वे आडवी आली की आणखी निराळी तऱ्हा. ठाण्याचा कोपरी पूल तुम्हाला माहीत असेलच. पूर्व द्रुतगती मार्ग आठपदरी आणि रुळांवरचा पूल चारपदरी, म्हणून वर्षानुवर्षं कोंडी. काम २०१८ मध्ये सुरू झालं. आधी दोन्ही कडेच्या मार्गिका बांधल्या, त्या ऑक्टोबर २०२१ मध्ये खुल्या केल्या, मग वाहतूक त्यांच्यावर वळवून मधला जुना भाग पाडून नवा बांधला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पूल पूर्ण झाला. लांबी एक किलोमीटरही नाही. पण खालून मध्य रेल्वेची लोकल धावते. रेल्वेकडून आराखडा मंजूर करून घ्या, गर्डर, म्हणजे पुलाच्या तुळया, बसवायला रात्रीचा ब्लॉक मागा, वीज बंद, लोकल बंद, वर द्रुतगती मार्गही बंद. हे तिन्ही एका रात्री काही तासांसाठी जुळवायचे. एखादा ब्लॉक रद्द झाला की पुढची तारीख कधी मिळेल ते रेल्वेच्या मर्जीवर. चालू वाहतूक अंगावर घेऊन रुंदीकरण करण्यापेक्षा माळरानावर नवा रस्ता काढणं केव्हाही सोपं.

नवी मुंबईची गोष्ट वेगळी आहे. तिथे सिडकोसाठी जमीन आधीच संपादित झालेली, त्यामुळे सातबाऱ्याचा जाच त्या मानाने कमी. पण खाडी आली की कांदळवन आलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार कांदळवनं तोडता येत नाहीत. सार्वजनिक हिताचा प्रकल्प असला तरी न्यायालयाची परवानगी लागते, आणि कांदळवनाच्या भोवती ५० मीटरचा पट्टाही राखीव. त्याआधी सागरी किनारा प्राधिकरण, वन खातं, त्या खात्याची पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याची मंजुरी. वाशी खाडीवरच्या तिसऱ्या पुलालाही ही वाट चुकली नाही. मला हा वेळ वाया गेलेला वाटत नाही. मात्र हे अर्ज निविदेच्या आधी करता येतात, आणि बहुतेकदा ते नंतर केले जातात.

खाडीकाठची मातीही घाई सहन करत नाही. उलवे, द्रोणागिरी, जेएनपीटी बंदराकडे जाणारे रस्ते यांच्याखाली जागोजागी काळा, मऊ, पाण्याने भरलेला गाळ आहे. त्यावर तसाच भराव टाकला तर रस्ता वर्षानुवर्षं खचत राहतो. म्हणून गाळात ठरावीक अंतरावर उभ्या निचरापट्ट्या रोवायच्या, वर जादा मातीचं ओझं ठेवायचं आणि पाणी निघून माती दबेपर्यंत वाट बघायची. चक्का टांगून ठेवतो ना, तसंच. दह्याला एक रात्र लागते, गाळाला कित्येक महिने. या काळात रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त मातीचा ढिगारा दिसतो आणि 'काम बंद' असा बोर्ड मनातल्या मनात लागतो. खरं तर तिथे काम चालूच असतं. आम्ही रोज पातळी मोजून किती मिलिमीटर खचलं ते लिहून ठेवत असतो. इथे घाई करायला लावणारा पुढारी भेटला तर त्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवावं.

पावसाचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर मातीकाम आणि डांबर जवळजवळ बंद. भरावाचा प्रत्येक थर साधारण वीस सेंटीमीटरचा, त्यात ओलावा नेमका लागतो, दाबून घनता तपासायची, मगच पुढचा थर. ठाण्याच्या पावसात हे जमत नाही. म्हणून कामाची सुरुवातीची तारीख ऑक्टोबरमधली आहे की मेमधली, यावर पहिलं वर्ष कसं जाणार ते ठरतं. मेमध्ये तारीख दिली की घड्याळ चालू होतं आणि काम बसतं. तरी तशा तारखा पडतात, कारण तारखा पावसाकडे बघून ठरत नाहीत, आचारसंहितेकडे बघून ठरतात.

एक गंमत सांगतो, गंमत कसली, डोकेदुखीच. घोडबंदर रोड किंवा माजिवडा नाक्याचं काम कोंडी सोडवायला काढलेलं असतं आणि त्याच कोंडीत आमचा काँक्रीटचा मिक्सर अडकतो. मिक्सरमधला माल काही तासच टिकतो. उशीर झाला की तो तसाच परत पाठवावा लागतो. शिवाय ठाण्यात अवजड वाहनांना ठरलेल्या वेळांतच शहरातून जाता येतं. खडी, मुरूम, स्टील, सगळं त्याच वेळांत. मग काम उरतं रात्रीचं, आणि रात्री काम केलं की जवळच्या सोसायटीतून आवाजाची तक्रार. खडीच्या खाणी आणि क्रशरवर पर्यावरणाच्या निर्बंधांमुळे बंदी आली की डंपर आणखी लांबून येतात. होळीला आणि छठला मजूर गावी जातात, ते परत कधी येतील ते मुकादमालाही ठाऊक नसतं.

आता पैसे. खाबूगिरी नाही असं म्हणणारा माणूस मी नव्हे. पण उशिराला लाचेपेक्षा जास्त जबाबदार आहे ती कमी दराची निविदा. अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस-तीस टक्के खाली भरून काम घ्यायचं, मग ते तुकड्या-तुकड्याने पेटी कंत्राटदारांना, म्हणजे पोटठेकेदारांना, वाटायचं. पेटीवाल्याचं बिल थकलं की तो पोकलेन उचलून दुसऱ्या साइटवर जातो. मूळ ठेकेदाराचा पैसा दुसऱ्याच प्रकल्पात अडकलेला असतो. अशा ठेकेदाराला जागा न मिळणं सोयीचंच पडतं. जागेच्या नावाखाली मुदतवाढ मागता येते, भाववाढ मिळते आणि वर नुकसानीचा दावाही लावता येतो. करारात दिरंगाईचा दंड असतो, कमाल मर्यादा साधारण कंत्राटी रकमेच्या १० टक्के. तो क्वचितच पूर्ण वसूल होतो, कारण जागा वेळेवर न दिल्याची नोंद सरकारच्याच फाइलीत असते. दोन्ही पक्षांची चूक असली की दोघेही एकमेकांना सांभाळून घेतात.

डोंगर आला की काय होतं ते समृद्धी महामार्गाने दाखवलं. ७०१ किलोमीटरपैकी नागपूर ते शिर्डी हे ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ मध्ये खुले झाले. इगतपुरी ते आमणे हे शेवटचे ७६ किलोमीटर खुले व्हायला जून २०२५ उजाडला. त्यात जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आणि दऱ्यांवरचे उंच पूल आहेत. अशा ठिकाणी घाईची किंमत काय असते तेही ठाणे जिल्ह्याने पाहिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये शहापूरजवळ याच महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि वीस कामगार गेले. वाहनचालकाला लागलेला उशीर मला समजतो, पण पुलाच्या कामात 'उद्यापर्यंत करून टाका' हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो.

चीनचं उदाहरण तुम्ही दिलं नाहीत, पण कोणीतरी देणारच. तिथे जमीन खासगी मालकीची नसते. तेवढं पुरे.

तुमच्या रस्त्यावर दोष कोणाचा हे गाडीतूनही बऱ्यापैकी ओळखता येतं. ज्या पट्ट्यात जागा उघडीच मोकळी आहे तिथे मोऱ्या आणि छोटे पूल झाले आहेत का ते बघा. मोरी बांधायला सलग किलोमीटर लागत नाहीत, वीस-तीस मीटर जागा पुरते. मोकळ्या जागेतल्या मोऱ्याही झालेल्या नसतील तर ठेकेदार ढिला आहे, जागेचं कारण त्याने सांगू नये. मोऱ्या तयार, भराव तयार आणि मधेच एखादी खाच सोडलेली असेल तर अडचण जागेची किंवा वाहिनीची. काँक्रीटचा प्लांट हिवाळ्यात धुळीने माखून बंद पडलेला दिसला तर गाठ पैशांशी आहे.

नक्की हवं असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. 'काम कधी पूर्ण होणार' असं विचारू नका. सुरुवातीच्या तारखेला किती जागेचा ताबा दिला होता, आज किती बाकी आहे, कोणती वाहिनी कधी हलवायची होती आणि त्याचे पैसे कोणत्या तारखेला भरले ते विचारा. आजवरच्या मुदतवाढीच्या मंजुऱ्यांच्या प्रती मागा आणि त्या दंडासह दिल्या की दंडाविना ते पाहा. 'दंडाविना' असेल तर सरकारने चूक आपली असल्याचं कागदावर कबूल केलं आहे. सगळी माहिती चेनेजनिहाय मागायला विसरू नका. नाहीतर 'काम प्रगतिपथावर आहे' एवढी एक ओळ टपालाने येईल.